रॅकच्या फळीसाठी दरपट्टी: जीपी पत्र्याचा साधा, टिकणारा होल्डर

किराणा दुकानात दराची चिठ्ठी चिकटपट्टीने फळीला डकवली की उन्हाळ्यात तिची दोनच गत होतात. गोंद वितळून चिठ्ठी खाली येते, नाहीतर कूलरच्या झोताने उडून शेजारच्या डाळीवर जाऊन बसते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि दुपारी शटर बंद असलेल्या पत्र्याच्या गाळ्यात त्याहून जास्त तापतं. बाजारात मिळणारी प्लॅस्टिकची दरपट्टी, म्हणजे दराची कार्डं धरणारी लांब पट्टी, या तापात वाकडी होते. पत्र्याची पट्टी मात्र कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे होते. तिला लेझर लागत नाही, डाय लागत नाही. चार फुटी कातर मशीन, हाताचं फोल्डिंग मशीन आणि ड्रिल एवढं पुरतं. जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसीत, अगदी चोपडा-शहाद्यासारख्या तालुक्याच्या गावातही हे सापडतं.

इथे दिलेला नमुना स्लॉटेड अँगलच्या, म्हणजे ओळीने भोकं असलेल्या उभ्या अँगलच्या, लोखंडी रॅकसाठी आहे. प्लायवूड आणि कडप्प्याच्या फळ्यांसाठी काय बदलायचं ते शेवटी येईल.

आकार

पट्टीचा छेद अगदी सोपा आहे: मागे सपाट पाठ आणि वर-खाली दोन्ही काठ पुढच्या बाजूला दुमडलेले. दुमड पूर्ण दाबायची नाही, आत १.२ मिमी फट ठेवायची. दराचं कार्ड आणि त्यावरची पारदर्शक पट्टी त्या दोन फटींत अडकून बसतात. दुमडीमुळे तीन गोष्टी एकदम साधतात. कापलेली धार आत वळते, त्यामुळे गिऱ्हाइकाचा हात कापत नाही. ०.६ मिमीचा लवचीक पत्रा ताठ होतो. आणि कार्डाला खोबण मिळते.

फट १.२ मिमीच का? ३०० जीएसएमचं, म्हणजे जाड कागदाचं, कार्ड साधारण ०.३५ ते ०.४ मिमी जाड, वरची पेट शीट (पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी) ०.३ मिमी. दोन्ही मिळून ०.७ च्या आसपास झाले. दुकानात जुनं कार्ड न काढता त्यावरच नवं सरकवतात, हे घडणारच. मग १.१ होतं. एक मिमीची फट ठेवली तर दुसरं कार्ड अडकतं, दीड ठेवली तर एकटं कार्ड खुळखुळतं.

दुमड ६ मिमी. पट्टीची उंची ४५ मिमी धरली तर मधली दिसणारी खिडकी ४५ वजा १२, म्हणजे ३३ मिमी. त्यात किमतीचा आकडा १५-१६ मिमी उंच बसतो आणि मालाच्या नावालाही जागा उरते.

आधी रॅक मोजा

मोजमापाचे तीन आकडे लागतात आणि तिन्ही रॅकवरूनच घ्यायचे, बिलावरून नाही.

पहिला, फळीच्या दर्शनी काठाची उंची. काही रॅकला ती ३० मिमी असते, काहींना ४०. पट्टी काठापेक्षा थोडी उंच असली तरी चालते, खाली ७-८ मिमी लोंबेल. खालच्या कप्प्यात तेलाचे उभे डबे असतील तर ते काढता-ठेवताना पट्टीला लागतात का, एवढं बघा. काठ ३० मिमीचाच असेल तर पट्टी ३८ मिमीची करा.

दुसरा, दोन उभ्या अँगलमधलं मोकळं अंतर. तीन फुटी फळी ९१४ मिमीची असते, पण उभ्या अँगलचा एक पंख दोन्ही टोकांना काठ झाकतो. ४० मिमीचे अँगल असतील तर मोकळी जागा ८३४ च्या जवळपास उरते. गावात बनवलेल्या रॅकमध्ये एकाच रांगेतल्या दोन खणांत तीन-चार मिमीचा फरक सर्रास असतो. म्हणून सगळे खण मोजा आणि सर्वांत लहान आकडा धरा.

तिसरा, काठाच्या पत्र्याची जाडी. ती रिव्हेटची लांबी ठरवायला लागते.

सगळं मिलिमीटरमध्ये लिहा. वर्कशॉपमध्ये अजून फूट, इंच आणि सूत यांचाच हिशेब चालतो. एक सूत म्हणजे ३ मिमीपेक्षा जास्त, आणि इथे अर्ध्या मिमीचा प्रश्न आहे. मिस्तरीने टेपवरचं माप सुतात वाचलं की पट्ट्या रिव्हेट करण्याच्या वेळी भांडण ठरलेलं.

पत्रा कुठला

सी.आर., म्हणजे जस्त न चढवलेला लोखंडी पत्रा घेऊन पावडर कोटिंग करावं असं पहिल्यांदा सगळ्यांना वाटतं. या आकाराला ते जमत नाही. अरुंद फटीच्या आत पावडर नीट शिरत नाही, त्यामुळे नेमका आतला पत्रा उघडा राहतो. कोटिंगआधीच्या धुण्याचं पाणी आणि रसायन दुमडीत साचतं, भट्टीत गेल्यावर ओघळून डाग पाडतं आणि काही महिन्यांत तिथूनच गंज सुरू होतो. शिवाय कोटिंगचा थर फटीच्या दोन्ही बाजूंनी जागा खातो.

म्हणून जीपी, म्हणजे जस्त चढवलेला साधा पत्रा घ्या, ०.६ मिमी, आणि तो तसाच वापरा. मात्र मऊ जातीचा मागा. छपराच्या पत्र्याच्या दुकानात मिळणारा जस्ताचा पत्रा कडक असतो. तो नागमोडी करायला ठीक, पण १८० अंशांत दुमडला की काठावर तडकतो. एसीच्या डक्टसाठी वापरतात तो पत्रा मऊ असतो. 'डक्टिंगचा जीपी' म्हटलं की दुकानदाराला कळतं.

गेजवर, म्हणजे जाडीच्या नंबरवर, विश्वास ठेवू नका. '२४ गेज' म्हणून एका दुकानात ०.५५ मिळतो, दुसऱ्यात ०.६३. व्हर्नियर लावून बघा. ०.५५ ते ०.६५ मधलं काहीही चालेल, पण सगळ्या शीट एकाच जाडीच्या हव्यात. विकत घेण्याआधी कोपरा पक्कडीने पूर्ण उलटा दुमडून दाबा. जस्ताची खपली उडाली किंवा वळणावर बारीक तडा दिसला तर तो पत्रा सोडा. ही चाचणी शीटच्या लांब कडेला समांतर दुमडून करा, कारण आपल्या पट्ट्यांची दुमडही त्याच दिशेला येणार आहे आणि पत्रा त्या दिशेला लवकर तडकतो.

सपाट माप

दुमडलेल्या पट्टीची बाहेरची उंची ४५, दोन दुमडी ६-६ मिमी. नुसती बेरीज ५७ येते, पण वळणात पत्रा किती खपतो ते वेगळं धरावं लागतं. फट १.२ मिमी म्हणजे आतली त्रिज्या ०.६. पत्रा ०.६. पाठीचा सरळ भाग ४५ वजा दोनदा १.२, म्हणजे ४२.६. प्रत्येक दुमडीचा सरळ भाग ६ वजा १.२, म्हणजे ४.८. एका १८० अंशाच्या वळणाला मधल्या थराची लांबी सुमारे २.६५. बेरीज केली तर ४२.६ + ९.६ + ५.३, म्हणजे ५७.५ मिमी.

दुसऱ्या उंचीसाठी हिशेब पुन्हा करायची गरज नाही. हवी ती उंची घ्या आणि त्यात १२.५ मिळवा. ३८ मिमीच्या पट्टीला ५०.५ चा तुकडा लागेल. कार्डाची उंची म्हणजे पट्टीची उंची वजा ३: ४५ ला ४२, ३८ ला ३५.

हे वजा ३ महत्त्वाचं आहे. ४२ मिमीचं कार्ड खालच्या फटीत टेकलं की वरच्या दुमडीखाली साधारण साडेतीन मिमी राहतं. ४० चं केलं तर दीडच मिमी राहतं आणि पंख्याच्या वाऱ्याला ते सुटतं. ४३ च्या वर गेलं तर बसवताना इतकं वाकवावं लागतं की मधे कायमची घडी पडते.

लांबी ठरवताना शीटकडे बघा

मोकळी जागा ८३४ असली तर साहजिकच ८३० ची पट्टी सुचते. ८ बाय ४ फुटी शीट २४४० मिमी लांब असते. ८३० चे तीन तुकडे २४९० होतात, म्हणजे त्यात दोनच बसतात आणि जवळजवळ एक तृतीयांश शीट भंगारात जाते. पट्टी ८१२ ची केली तर तीन बसतात. दोन्ही टोकांना ११-११ मिमी मोकळे राहिले तर कोणाला दिसतही नाही.

रुंदीत १२२० ला ५७.५ ने भागलं तर २१ ओळी येतात. एका शीटमधून ६३ पट्ट्या. शीटचं वजन सुमारे १४ किलो, एका पट्टीचं २२० ग्रॅम. पत्रा किलोवर मिळतो आणि मजुरी नगावर ठरते. मजुरी ठरवताना 'नग' म्हणजे एक पट्टी, दोन दुमडींसकट, हे आधी बोलून घ्या.

कापणी आणि भोकं

शीटचे आधी ८१२ मिमीचे तीन भाग करा, मग प्रत्येक भागातून ५७.५ च्या पट्ट्या काढा. मागच्या स्टॉपरला टेकवूनच कापा, प्रत्येक वेळी टेपने खूण करून नाही. कातरीचं पातं बोथट असेल तर धारेवर बर, म्हणजे खरखरीत कोर, येते आणि अरुंद पट्टी पीळ खाते. थोडा पीळ दुमडल्यावर निघतो, जास्त असेल तर नाही. पहिल्या दोन-तीन पट्ट्या सपाट टेबलावर ठेवून बघा. एक कोपरा ४-५ मिमीपेक्षा जास्त उचलला जात असेल तर पात्याची धार किंवा पात्यांमधली फट नीट करून घ्या.

जस्ताचा पत्रा ग्राइंडरच्या चाकाने कापू नका. ठिणग्यांमुळे धारेजवळचं जस्त जळतं आणि उडालेले लोखंडाचे कण पत्र्यावर चिकटून नंतर तांबूस ठिपके पडतात.

दुमडण्याआधीच दोन कामं उरकायची. चारही कोपरे दीड-दोन मिमी तिरके कापायचे, नाहीतर दुमडल्यावर टोकाला सुईसारखं टोक राहतं. मग प्रत्येक टोकापासून १० मिमीवर, उंचीच्या मध्यावर, ३.३ मिमीचं एकेक भोक. पाच-सहा पट्ट्या एकत्र दाबून ड्रिल केल्या तर काम लवकर होतं. सर्वांत खाली लाकडाची फळी ठेवा.

बर कुठल्या बाजूला आहे ते बोटाने नाही, कापसाच्या बोळ्याने तपासा. कापूस अडकतो ती बाजू फटीच्या आत गेली पाहिजे. तिथेही ती कानशीने एकदा घासून घ्या, नाहीतर कार्डाचा काठ खरवडतो.

दुमड

सगळ्या कामात बिघाड होण्याची जागा हीच. फोल्डिंग मशीनमध्ये पट्टीचा ६ मिमी काठ बाहेर ठेवून जबडा आवळा आणि मशीन जितकं वळवेल तितकं, साधारण १३५ अंश, वळवा. पट्टी बाहेर काढा. आता दुमडीच्या आत १.२ मिमी जाडीची, १५-२० मिमी रुंद आणि पट्टीपेक्षा हातभर लांब अशी लोखंडी पट्टी घाला. तिच्यावर ग्रीस किंवा घट्ट तेल चोळलेलं हवं. मग सपाट दाब द्या, फोल्डिंग मशीनच्या जबड्यातच दाबता येतो. दाबून झालं की आतली पट्टी एका टोकाने ओढून काढा. ग्रीस न लावल्यास ती अडकते. मग ती हातोडीने ठोकून काढतात आणि दुमड उघडते.

आतली पट्टी पूर्ण लांबीची नसेल आणि तुकडे जोडून वापरले तर जोडाच्या जागी फट आकसते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण कार्ड नेमकं तिथे अडतं. १.२ मिमीचा तुकडा, म्हणजे १८ गेजचा, प्रत्येक तयार पट्टीतून टोकापासून टोकापर्यंत ओढून बघा. कुठे अडला तर तेल लावून दोन-तीनदा ओढला की जागा मोकळी होते.

पहिली दुमड पूर्ण दाबल्याशिवाय दुसरी करू नका. अर्धवट उभी दुमड जबड्याखाली चेपते. दुसऱ्या दुमडीच्या वेळी पहिली जबड्याच्या खालीच येते, ४५ मिमी आत. तिथे जाडी २.४ मिमी झालेली असते. जबड्याचा तळ पुढच्या टोकामागे लगेच वर चढत असेल तर काही होत नाही. सपाट असेल तर तो पहिल्या दुमडीवर टेकतो, फट बंद होते आणि पुढचं टोक पट्टी धरतच नाही. अशा मशीनवर पट्टीच्या पाठीवर, पहिल्या दुमडीच्या आतल्या बाजूला, पाऊण इंच रुंद आणि २ मिमी जाडीचा सपाट पाट पॅकिंग म्हणून ठेवावा लागतो. त्याचा पुढचा काठ नव्या वळणरेषेला अगदी भिडलेला हवा.

दोन्ही दुमडी एकाच अंगाला आल्या पाहिजेत. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण साठ पट्ट्या भराभर वळवताना पाच-सहा तरी एस आकाराच्या निघतात. दुमडण्याआधी पुढच्या बाजूला मार्करने खूण करून ठेवा.

पट्टी लांबीत केळ्यासारखी वाकली तर दोन कारणं संभवतात: कातरीतच ती वाकडी निघाली, किंवा एका दुमडीचा दाब दुसरीपेक्षा जास्त झाला. एक मीटरभर पट्टीत २ मिमी वाक रिव्हेट करताना निघून जातो. त्याहून जास्त असेल तर सपाट अँगलवर ठेवून हाताने सरळ करा, हातोडी नको.

प्रेस ब्रेकवर, म्हणजे वरच्या पंचाने पत्रा खालच्या व्ही आकाराच्या डायमध्ये दाबून वळवणाऱ्या मशीनवर, करायचं असेल तर ६ मिमीचा काठ व्ही डायवर टिकत नाही, आत घसरतो. ६ मिमीच्या व्ही डायवर अणकुचीदार पंचाने दुमड ८ मिमी ठेवावी लागते. सपाट तुकडा मग ६१.५ चा होतो आणि खिडकी २९ वर येते. इतक्या साध्या कामाला हातमशीनच बरं.

सगळ्या पट्ट्यांना हात घालण्याआधी १०० मिमीचा एक तुकडा करून मोजा. उंची ४५ ऐवजी ४४.५ आली तर काही बिघडत नाही. कार्डं त्याप्रमाणे कापता येतात. पण एक पट्टी ४४.५ आणि दुसरी ४५.५ आली तर दुकानात दोन मापांची कार्डं ठेवावी लागतील, आणि ती कोणी वेगळी ठेवत नाही.

रॅकला बसवणं

पट्टीचा वरचा काठ फळीच्या पातळीपासून २ मिमी खाली ठेवा. बरोबरीला किंवा वर आला तर पोतं, खोकं ओढताना त्यालाच अडकतं. फळीच्या काठावर खडूने रेघ मारा, पट्टी धरून तिच्या एका टोकाच्या भोकातून फळीला भोक पाडा, रिव्हेट मारा, मग दुसरं टोक रेघेवर आणून तिकडचं पाडा. फळीतली दोन्ही भोकं आधीच मोजून पाडली तर एखादं चुकतंच.

३.२ बाय ६ मिमीचे ॲल्युमिनियमचे पॉप रिव्हेट पुरतात. फळीचा पत्रा १ मिमीपेक्षा जाड असेल तर ८ मिमी घ्या. रिव्हेट टोकाशीच घ्यायचं कारण असं की त्याचं एक मिमी उंचीचं डोकं कार्डाला बाजूने निसटू देत नाही. वेगळं बूच लागत नाही. सेल्फ ड्रिलिंग स्क्रूने काम लवकर होतं खरं, पण त्याचं टोक काठामागे बाहेर राहतं आणि खालच्या कप्प्यात हात घालणाऱ्याची बोटं सोलतं. पट्टी काढायची वेळ आली तर रिव्हेट ड्रिलने उडवता येतात.

मधल्या भागात पाठीमागे ५० मिमी दुहेरी चिकटपट्टीचा तुकडा लावा, नाहीतर पंखा सुरू असताना पत्रा झणझणतो. त्याआधी तिथलं तेल कापडाने थिनर लावून पुसा. भार रिव्हेटवर आहे, चिकटपट्टी नुसती आवाज थांबवायला आहे.

कार्ड आणि वरची पट्टी

पारदर्शक पट्टी पेटची घ्या, ०.३ मिमी, ४२ मिमी उंच आणि ७८० मिमी लांब. दोन रिव्हेटच्या डोक्यांमध्ये ती थोडी मोकळी राहते. मऊ पीव्हीसी स्वस्त मिळतं, पण त्यातलं तेलकट द्रव्य थर्मल प्रिंटरच्या छपाईला खातं. आकडे हळूहळू फिके होत जातात. थर्मल कागद तसाही तापाने काळवंडतो, म्हणून उन्हाच्या बाजूच्या रॅकला लेझर प्रिंट किंवा हाताने मार्करने लिहिलेलं कार्डच लावा.

छपाई करताना वर आणि खाली साडेपाच-सहा मिमी कोरं सोडा, कार्ड वर-खाली सरकलं तर जास्तीत जास्त तेवढं दुमडीखाली जातं. कार्डाची रुंदी ६० ते ७५ मिमी ठेवा. दादर ज्वारी, कळण्याचं पीठ, तूरडाळ असा सुटा माल असेल तर 'किलो' किंवा '१०० ग्रॅम' हे आकड्याच्या शेजारी, निम्म्या उंचीत तरी असू द्या. गल्ल्यावरची निम्मी हुज्जत तिथेच मिटते. सर्वांत खालच्या फळीला आकडा २० मिमीचा करा आणि मालाचं नाव एका ओळीत बसवा. उभ्या माणसाला तिथलं बारीक अक्षर वाचता येत नाही.

कार्ड बदलताना पेटची पट्टी एका टोकाकडून थोडी वाकवून सोडवायची, कार्ड सरकवायचं, पट्टी परत दाबायची. मिरची आणि पिठाच्या खणांत खालच्या फटीत बुकणी साचते. दोन-तीन महिन्यांनी पेट काढून अरुंद ब्रश फिरवा. ओला कपडा नको, पिठाची खळ होऊन फट बंद होते.

प्लायवूड आणि कडप्पा

१९ मिमी प्लायच्या काठात बाजूने स्क्रू मारला की थर सुटतात. तिथे पट्टीच्या मागे १ मिमी पत्र्याचे दोन एल तुकडे रिव्हेट करा आणि त्यांचे आडवे पाय फळीच्या तळाला १२ मिमीच्या स्क्रूने बसवा.

कडप्प्याला भोक पाडायच्या भानगडीत पडू नका, काठाजवळ चीर जाते. १ मिमी सी.आर. पत्र्याचे २५ मिमी रुंद यू आकाराचे दोन क्लिप करा. वरचा आणि खालचा पाय ३०-३० मिमी, आतली उंची फरशीच्या जाडीपेक्षा दीड मिमी जास्त. २८ मिमीच्या फरशीला बाहेरची उंची ३१.५ येते. तिन्ही मापांची बेरीज ९१.५, त्यातून दर काटकोनी वळणाला १.९ वजा केले तर सपाट तुकडा साधारण ८८ मिमी. खालच्या पायाला एम ५ चा नट वेल्ड करा आणि खालून स्क्रू आवळा. स्क्रूच्या टोकाशी आणि वरच्या पायाखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला. हे क्लिप छोटे आणि उघडे असल्याने त्यांना पावडर कोटिंग खुशाल करा, मात्र आधी वेल्डिंग, मग क्लिपच्या पाठीत पट्टीसाठीची भोकं, आणि कोटिंग सर्वांत शेवटी. पट्टी क्लिपवर रिव्हेट करण्याआधी क्लिप फरशीवर घट्ट बसवून घ्या. सैल क्लिपवर रिव्हेट मारली की स्क्रू आवळताना पट्टी तिरकी होते.